मागितलं ते मिळालं

बाबांनी आयुष्यात शेकड्यांनी भुतांचे सिनेमे पाहिले आणि त्यातला एकही पुरता पाहिला नाही. ते थेटरात डोअरकीपर होते. गिरणी बंद पडल्यावर दोन-तीन वर्षं मिळेल ते काम केलं, मग गाववाल्याच्या ओळखीने भांडुपच्या एका थेटरात चिकटले. उशिरा येणाऱ्यांना टॉर्च मारून खुर्च्या दाखवण्यात पहिली पंधरा मिनिटं जायची. शेवटची पाच मिनिटं बाहेरचे दरवाजे उघडून धरण्यात जायची, कारण सिनेमा संपला की लोकांना एक क्षणही आत थांबायचं नसतं, भुताचा असेल तर मुळीच नाही. त्यामुळे बाबांच्या वाट्याला सगळ्या सिनेमांचं फक्त मधलं आलं.

पण त्या मधल्यावरून त्यांनी एक नियम काढला होता आणि तो त्यांनी मला मी सात-आठ वर्षांची असताना सांगितला. जेवताना मी विचारलं होतं की भूत त्या माणसांच्या घरी का येतं. बाबा म्हणाले, "भूत आपल्या जाग्यार गप असता. मानूस जाता तेच्याकडे. तेका कायतरी व्हया असता." कोणाला हंडा हवा असतो, कोणाला भावाचं घर, कोणाला दुसऱ्याची बायको. मागणारा मागतो आणि भूत देतं. बाबांच्या मते गंमत इथेच होती. देव पुष्कळदा नाही म्हणतो, भूत हावरटाला कधी नाही म्हणत नाही. मागितलेलं सगळं हातात ठेवतं, आणि तिथून पुढे लोक किंचाळायला लागतात.

शनिवारी शाळा सकाळची असायची. आई धुण्याभांड्यांच्या कामांवर गेलेली, म्हणून बाबा मला तीनच्या खेळाला बरोबर न्यायचे आणि शेवटच्या रांगेमागे लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसवायचे. त्यामुळे सुरुवात आणि शेवट मी बघायचे. रात्री बाबांना ती दोन्ही टोकं मी सांगायची, ही आमची वाटणी होती. माझ्या वर्गातल्या मुली अंगणातल्या पिंपळाला घाबरायच्या. मी कोणालाही "आणखी दे" म्हणायला घाबरायचे.

त्यातला एकच सिनेमा मला बाबांशी भांडायला लावणारा निघाला. एका म्हाताऱ्याची तरुण मुलगी गेलेली असते. गावाबाहेरच्या विहिरीत काही तरी राहत असतं, त्याच्याकडे तो रोज एक तास मुलगी परत मागतो. तास मिळतो. मग तो दोन मागतो, मग अर्धा दिवस. वेळ वाढत जातो तशी मुलगी थोडी थोडी कमी होऊन परत येते. आधी तिचा आवाज येत नाही. मग ती बापाला ओळखत नाही. शेवटी ती आरामखुर्चीत नुसती बसलेली असते, दिवसरात्र, डोळे उघडे, आणि म्हातारा तिच्या पायाशी बसून सांगत असतो की आता तू कुठे जायची नाहीस. शेवट मीच बाबांना सांगितला, आणि सांगताना रडले. म्हटलं, हा काही हावरट नाही, त्याला मुलगी आवडते म्हणून मागतोय. बाबा ताटातली माशाची कढी बोटाने निपटत होते. म्हणाले, "सोन्याची हाव असता तेका लाज तरी वाटता. हेका लाज पण नाय."

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

बाबा भुतांना भीत नसत, कारण त्यांच्या हिशेबी आमच्या घराला राखणदार होता. गावची शीव आणि तिथल्या लेकरांची घरं राखणारा, दिसत नसलेला पण असलेला. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गावी जायला जमलं तर गावी, नाहीतर कांजूरमार्गच्या आमच्या खोलीत, ओट्याशी, दक्षिणेकडे तोंड करून, कारण गाव त्या बाजूला. बाबा बनियनवर उभे राहायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळायचे आणि एरवी कधी न लागणाऱ्या मोठ्या आवाजात सुरू करायचे. बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान ह्यो नारळ ठेवलोहा, तो गोड मानून घे. त्यांचं प्रत्येक वाक्य संपलं की दुसऱ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते काम माझं होतं.

गंमत म्हणून नव्हतं ते. बाबांनी बजावून सांगितलं होतं की गाऱ्हाणं घालणारा एकटा कधी गाऱ्हाणं घालत नाही. ज्याच्यासाठी मागणं आहे त्याने, किंवा बाजूला उभ्या असलेल्या कोणी तरी, होकार द्यायला हवा. होकार नसेल तर ते गाऱ्हाणं नाही, ती एका माणसाची हाव. आणि मागायचं एकच. दहावीच्या वर्षी मी त्यांच्या कानाला लागले की माझ्या पेपरांबरोबर रंगीत टीव्हीचंही सांगा. बाबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. पेपरांचं सांगितलं, नारळ फोडला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राखणदाराक यादी देवची नाय." शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या, त्या महिनाभर मला यादीवाली म्हणायच्या.

थेटर बंद पडलं, तिथे दुकानांची इमारत आली. माझं लग्न झालं, नाही टिकलं, मी मुलीला घेऊन परत बाबांकडे आले. कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. चाळीच्या जागी इमारत उठली आणि आम्हाला सहाव्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर मिळालं. बाबांनी आपली खाट खिडकीशी लावून घेतली. वारा फिरला की कांजूरच्या डम्पिंगचा वास येतो, आम्ही पटापट काचा ओढतो. बाबा ओढू द्यायचे नाहीत. म्हणायचे, वास येतोय म्हणजे नाक चालू आहे.

सात वर्षांपूर्वी आई गेली. मी अंधेरीला ऑफिसात होते. काकूंचा फोन आला की आई ओट्यापाशी बसली ती उठत नाही, आणि मी पोहोचेपर्यंत कणकेचा गोळा परातीत तसाच होता आणि सगळं संपलेलं होतं. मला रडायचं होतं त्याआधी भांडायचं होतं. आईने मला काहीच मागू दिलं नाही. एक दिवस, एक तास, एक घोट पाणी पाजण्याएवढा वेळ. हे मी कोणाला बोलले नाही, पण ते आत तसंच बसून राहिलं. पुढे जे केलं ते त्यातून केलं. हे मी सबब म्हणून सांगत नाही.

आई गेल्यावर रविवारी दुपारी मी आणि बाबा पुन्हा भुतांचे सिनेमे बघायला लागलो. जेवण झालं की मुलगी आपल्या मोबाइलवर, आणि आम्ही दोघं टीव्हीसमोर. आता बाबा सुरुवात आणि शेवटही बघू शकत होते, पण सवय कुठली जाते. पहिली पंधरा मिनिटं ते सुपारी कातरत बसायचे, आणि शेवट जवळ आला की उठून दाराची कडी उघडायचे. मधल्या भागात मात्र एकटक. हिरो विहिरीशी, तळघराशी, कपाटाशी पोहोचला की बाबा सुपारीचा हात थांबवून म्हणायचे, "आता ह्यो मागतलो." आणि तो मागायचा. चुकलं असं एकदाही झालं नाही. मी म्हणायचे, बाबा, तुम्ही स्टोरी लिहायला जा, पैसे तरी येतील. ते म्हणायचे, बघ, तू पण लागलीस.

त्यांची फुप्फुसं गिरणीतच कामी आली होती. कापसाची धूळ चाळीस वर्षं दबून बसली आणि मग उठली. आधी जिने बंद झाले, मग बोलणं तुटक झालं, मग खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं आणि दिवसभर घुरघुरायला लागलं. बाबांनी मला आणि मुलीला समोर बसवून सांगितलं होतं की नळ्या घालायच्या नाहीत. खिडकीशी पडलोय तो बरा आहे. मी हो म्हटलं. त्या वेळी मनापासून म्हटलं.

मग एका सकाळी त्यांचे ओठ निळे पडले आणि मी ॲम्ब्युलन्स बोलावली. मुलुंडच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती, चांगली, घाई न करणारी. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं आता परत येणार नाहीत. व्हेंटिलेटर लावला तर काही दिवस निघतील, पण तो परत काढता येईल असं ती सांगू शकत नव्हती. दुसरा मार्ग, ऑक्सिजन आणि त्रास कमी करायची औषधं घेऊन घरी जायचं. एक-दोन दिवस, जास्त नाही, पण झोपेत जातील. बाबा स्ट्रेचरवर होते. त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी मास्क बाजूला केला आणि माझं मनगट धरलं.

"माका घराक व्हर," ते म्हणाले. मग दम घेऊन, "हय कसलोच वास नाय."

मी त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, नेते बाबा, दोन दिवस फक्त श्वासाला आराम देऊ आणि मग नेते. आणि सही केली. दोन दिवस, एवढंच मागत होते मी. त्या सिनेमातल्या म्हाताऱ्यानेही आधी एकच तास मागितला होता, पण ते मला तेव्हा आठवलं नाही. खरं सांगायचं तर आठवलं, आणि मी ते बाजूला सारलं.

तिसऱ्या दिवशी त्यांचं झोपेचं औषध थोडं कमी केलं. चार ते पाच भेटायची वेळ, एकाच माणसाला सोडत. बाबांचे डोळे उघडे होते. तोंडात नळी, आणि ती उपटू नये म्हणून दोन्ही मनगटांना मऊ पट्टी बांधून खाटेच्या दांडीला अडकवलेली. त्यांनी बांधलेले हात जमतील तेवढे एकमेकांकडे आणले, जोडता येईनात, आणि मग बोटाने माझ्याकडे दाखवलं. मी विचारलं, पाणी? नाही. मुलीला आणू? नाही. पुन्हा तेच, हात जोडल्यासारखे, आणि बोट माझ्याकडे. मी विचारलं, गाऱ्हाणं? त्यांनी डोळे मिटून उघडले.

काय मागायचं ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे पडून राहिलेल्या माणसासाठी एकच गाऱ्हाणं घालतात. देवा म्हाराजा, ह्येका सोडव.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत नारळ घेऊन गेले. दारातल्या वॉर्डच्या मावशींनी पिशवीला हात लावला आणि त्यांना ते कळलं. मावशी कुडाळकडच्या, वर्षानुवर्षं वाकोल्यात राहिलेल्या, पण बोलल्या की लगेच ओळखू याव्यात. म्हणाल्या, "नारळ हय ठेवक देवचे नाय ते. मी कपाटात ठेवतंय." आणि बाबांच्या खाटेजवळच्या कपाटात, टॉवेलखाली, तो ठेवून दिला. पडदा ओढला आणि गेल्या.

मी डोक्यावरून ओढणी घेतली. दक्षिण कुठे ते मला त्या खोलीत कळेना, म्हणून खिडकीकडे तोंड केलं. आयुष्यात पहिल्यांदा गाऱ्हाणं मी घालत होते, दुसऱ्या बाजूला बाबा होते. बा देवा म्हाराजा. बाबांची तर्जनी चादरीवरून उचलली गेली. त्यांचा होकार. तुझ्या लेकीन ह्यो नारळ ठेवलोहा, तो गोड मानून घे. बोट उचललं गेलं. जा काय चुकला असात ता पोटात घाल. बोट उचललं गेलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे जात होतं, आणि चेहरा, इतक्या नळ्यांमधूनही, सैल झाला होता. मला सगळं येतं याचं त्यांना बरं वाटत होतं, हे मला अजूनही दिसतं.

मग मागण्याची जागा आली. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, म्हाराजा, माझ्या बापाक आणखी थोडे दिवस दी.

मी बोटाकडे बघत राहिले. ते उचललं गेलं नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून मी जरा मोठ्याने पुन्हा म्हटलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. सिनेमाच्या मधल्या भागात हिरोकडे बघायचे तसं, पुढे काय होणार हे माहीत असल्यासारखं बघितलं, आणि मान भिंतीकडे वळवली.

होकार आला नाही. गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही असं मी स्वतःला सांगितलं आणि "व्हय म्हाराजा" मीच म्हटलं.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. कारण मागितलं ते मिळालं. दुसऱ्या दिवशी त्यांचा ताप उतरला. डॉक्टरीण म्हणाली, शरीर धरून आहे, आश्चर्य आहे. मी ऑफिसात फोन करून सांगितलं, सुधारणा आहे. काकूंना सांगितलं. आठवडा झाला तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी तिथे बसवली, कारण तोंडातून जास्त दिवस ठेवता येत नाही, आणि मी त्यावरही सही केली. आवाज तर आधीच गेला होता. दहाव्या दिवसापासून ते मला ओळखेनासे झाले. मुलगी आली, आजोबा म्हणाली, त्यांनी छताकडे बघितलं. हात सुजून पट्टीत रुतायला लागले. मग डोळे नुसते उघडे राहायला लागले आणि सिस्टर त्यात थेंब घालून जायची. मी स्टुलावर त्यांच्या पायाशी बसायचे. एकदा माझ्या लक्षात आलं की मी त्यांचा पाय चोळत हळू आवाजात म्हणत होते, बाबा, मी आहे ना, कुठे जायचं नाहीये.

मी हे वाक्य आधी ऐकलं होतं. लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं आणि त्या म्हाताऱ्यासाठी रडले होते. मी उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसले. मला स्वतःची लाज वाटली. बाबा म्हणाले होते की याला लाजही नसते, ते एवढं तरी खोटं ठरलं, पण फार उशिरा ठरलं.

मी डॉक्टरणीकडे जाऊन म्हटलं, घरी न्यायचंय. तिने माझ्याकडे बघितलं, सतरा दिवसांपूर्वीचं काही काढलं नाही, एवढंच म्हणाली की आता हलवलं तर लिफ्टपर्यंतही पोहोचणार नाहीत. औषधं आणि नळ्या वाढवायच्या नाहीत, त्रास होऊ द्यायचा नाही, एवढं ती करू शकत होती. मी होय म्हटलं. खिडकीशी लावलेली खाट, फिरलेला वारा, उघडी काच, यातलं काहीच आता मी त्यांना देऊ शकत नव्हते. त्यांनी ते मागितलं तेव्हा माझ्या हातात होतं.

गाऱ्हाण्यापासून एकोणिसाव्या दिवशी चार वाजता मी आत गेले तेव्हा मावशी त्यांचं अंग पुसत होत्या. मी कपाटातून नारळ काढून त्यांच्या पायाशी ठेवला. या वेळी कोणी नाही म्हटलं नाही. ओढणी डोक्यावरून घेतली. बा देवा म्हाराजा. बोट उचलणार नाही हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक वाक्यानंतर मी थांबत होते. तिथे फक्त मशीनचा आवाज होता. मी शेवटाला आले. म्हटलं, म्हाराजा, माझ्या बापाक सोडव. माझा आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हटलं. सोडव.

आणि गप्प राहिले. कितीही वेळ जाऊ दे, या वेळी मी स्वतः म्हणणार नव्हते.

मागून मावशी हळूच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

बाबा पावणेसहाला गेले. थेटरात तीनचा खेळ सुटायची ती वेळ.

नंतर कागदपत्रं होईपर्यंत मावशींनी मला पडद्यामागेच बसू दिलं. त्या बाबांच्या मनगटांवरच्या पट्ट्या सोडत होत्या. एका हाताची सुटली, तिच्याखाली गोल व्रण पडला होता, त्यावरून त्यांनी ओला कपडा फिरवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पयल्या वेळेक व्हय म्हाराजा कोणी म्हटल्यान?"

मी म्हटलं, मीच.

त्या ओला कपडा बाजूला ठेवून दुसऱ्या हाताची पट्टी सोडायला लागल्या.